पाकिटाची मागची बाजू

दिवाळीनंतर कारखाने उघडले त्या पहिल्या सोमवारी सकाळी सिल्वासाजवळच्या सायलीतल्या एका फरसाण कारखान्याच्या फाटकात मधुकर भामरे यांनी मालाने भरलेला ट्रक अडवला. ते त्याच कारखान्याचे गुणवत्ता विभागप्रमुख होते. ट्रक जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभा होता. नंतर तो सुरतेच्या दिशेने गेला. भामरे त्या दिवसानंतर कारखान्यात गेले नाहीत.

ट्रकमध्ये सेव-ममऱ्याची पाकिटे होती. चुरमुऱ्यांना सिल्वासात सगळेच ममरा म्हणतात. पाकिटाच्या समोरच्या बाजूला हिरव्या पट्टीत 'एमएसजी घातलेले नाही' असे छापलेले होते. आतल्या मसाल्यात ते होते. ही पट्टी छापायला मंजुरी भामरे यांनीच दिली होती.

सिल्वासाच्या डोकमर्डी भागातल्या आमच्या इमारतीत त्यांचा आणि आमचा दरवाजा समोरासमोर. मी एका मराठी दैनिकाला या भागातल्या बातम्या पाठवतो. या प्रकरणाची बातमी मात्र मी पाठवली नाही. शेजाऱ्याची बातमी शेजाऱ्याने करू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे. इथे जे लिहितो आहे त्यातले काही मी पाहिले, काही भामरे यांनी सांगितले, काही कारखान्यातल्या वनिता वळवी यांनी. कोणते कुणाकडून आले ते त्या त्या ठिकाणी लिहिले आहे.

भामरे सटाण्याकडचे. अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊन नाशिकला थोडी नोकरी केली आणि लग्नानंतर सिल्वासात आले. उंच, पाठीत किंचित वाकलेले. चष्मा कपाळावर सरकवलेला, कारण जवळचे त्यांना चष्म्याविना जास्त चांगले दिसे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक चपटे भिंग. बाजारातून आलेली कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करत. बिस्किटाचा पुडा असो, लोणच्याची बरणी असो, गणपतीत वाटलेले पेढ्यांचे खोके असो. कारखान्यातल्या बायका त्यांना मागे 'उलटे साहेब' म्हणत. ते त्यांना ठाऊक होते. एकदा नवीन आलेल्या मुलीने चुकून तोंडावरच म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "हां, तोच मी. सुलटे साहेब वर ऑफिसात बसतात."

आमच्याकडे ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझ्या पत्नीने घाईत पाकिटातले सूप केले होते.

"वहिनी, पाकीट आहे का? मागची बाजू दाखवा जरा."

"भाऊजी, आधी पुढची बघा. केवढी गाजरं आहेत त्यावर!"

"गाजरं पुढेच असतात, वहिनी. मागे शोधावी लागतात."

त्यांनी भिंग काढून वाचले, गाजर यादीत कुठे बसले आहे ते बोट ठेवून दाखवले आणि मग दोन वाट्या सूप प्यायले. त्यांच्या पत्नी, शैलावहिनी, ताटावरून नजर न उचलता म्हणाल्या, "लग्नात मला पण उलटी करून वाचलं असतं यांनी. माझे वडील शेजारी बसले होते म्हणून वाचले."

जिभेला जास्त चव लागावी म्हणून पदार्थात जे घालतात, ते घालूच नये असे भामरे यांचे मत नव्हते. हा त्यांच्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज होता. आमच्या कोपऱ्यावर प्रेम नावाचा नेपाळी तरुण चायनीजची गाडी लावतो. गाडीवर पाटी होती: 'नो टेस्टिंग पावडर'. एका संध्याकाळी भामरे तिथे नूडल्स खात उभे होते. मी भाजी घेऊन परतत होतो.

"प्रेम, वो सॉस की बोतल दे."

"साहब, पाउडर नहीं डालता मैं. किसी को भी पूछो."

"पाउडर का नहीं पूछा. बोतल दे."

भामरे यांनी बाटली उलटी केली, खालच्या ओळींवर भिंग धरले आणि प्रेमला वाकून बघायला लावले. तिथे ६२१ हा आकडा होता. ज्याला लोक टेस्टिंग पावडर किंवा एमएसजी म्हणतात, त्याचाच हा क्रमांक. प्रेम खरोखर पावडर घालत नव्हता. ती सॉसमधून येत होती.

"तो क्या करूँ साहब, सॉस बंद करूँ?"

"सॉस क्यों बंद करेगा? नूडल्स मस्त आहेत तुझे. पाटी काढ."

प्रेमने पाटी काढली नाही, उलटी करून टांगली. भामरे यांनी त्यावर आणखी एक प्लेट मागवली. घरी येताना जिन्यात म्हणाले, "विष नाही हो ते. पिकलेल्या टोमॅटोत असतं, चीजमध्ये असतं. खायचं की नाही हे खाणारा ठरवेल. पण आहे की नाही हे आपण सांगायला हवं, नाहीतर तो ठरवणार कशावर?" पाकिटाची समोरची बाजू मालकाची आणि मागची खाणाऱ्याची, असे ते नेहमी म्हणत.

कारखान्यात त्यांनी एक पद्धत पाडली होती. नवे पाकीट छापण्याआधी त्याचा नमुना यायचा. भामरे टेबलाच्या एका बाजूला पाककृतीचा कागद घेऊन बसत. दुसऱ्या बाजूला कुणीतरी नमुन्यावरची घटकांची यादी मोठ्याने वाचायची. एक शब्द वाचला की भामरे कागदावर एक खूण करत. अट एकच होती: वाचणारा गुणवत्ता विभागातला नसावा. बहुतेक वेळा हे काम पॅकिंग लाइनवरच्या सुपरवायझर वनिता वळवी यांच्याकडे येई. त्या नवापूरच्या, शाळा दहावीपर्यंत. त्या अडखळत, एकेक अक्षर लावत वाचत.

एकदा विक्री विभागात नव्याने आलेले एक साहेब म्हणाले, यात वेळ फार जातो, मी वाचतो. त्यांनी नमुना घेतला आणि बातम्या देणाऱ्यासारखे धडाधड वाचून काढले. तांदूळ, बेसन, शेंगदाणे, तेल, मीठ. भामरे यांनी हात वर केला.

"तेल कुठे आहे?"

"हे काय, शेंगदाण्यानंतर."

"बोट ठेवा."

बोट ठेवायला जागा नव्हती. छापणाऱ्याकडून तेल राहून गेले होते. साहेबांनी न छापलेले तेल वाचले होते. "तुम्हाला माहीत होतं ना, म्हणून," भामरे म्हणाले. "ज्याला माहीत असतं तो वाचत नाही. तो आठवतो." नमुना पुन्हा वनिता वळवींकडे गेला. हा प्रसंग मला त्यांनीच सांगितला. सांगताना त्या विक्रीच्या साहेबांची नक्कल करतात.

हिरवी पट्टी उन्हाळ्यात आली. कारखान्याचे मालक हसमुखभाई यांची ती कल्पना होती. सेव-ममऱ्याचा मसाला बाहेरच्या एका पुरवठादाराकडून तयार मिश्रण म्हणून गोण्यांमधून येत असे. त्या मिश्रणात ६२१ नव्हते. भामरे यांनी पुरवठादाराचा कागद तपासला, वाचन झाले, खुणा झाल्या, सही झाली. पट्टीसह पाकिटांचे रोल छापून आले आणि माल बाजारात गेला.

नवरात्रात आमच्या इमारतीच्या आवारात गरबा असतो. मधल्या सुट्टीत खायला भामरे दरवर्षी कारखान्यातून सेव-ममरा आणत. त्या वर्षी टोपले आले आणि संपले. पुन्हा भरले, पुन्हा संपले. खालच्या मजल्यावरच्या पटेलबेन म्हणाल्या, "भामरेभाई, आ वखते शुं नाख्युं छे? हाथ ज नथी अटकतो." शैलावहिनींनी त्यात भर घातली, "मी पण तेच विचारते, काय घातलंय. पावसाळ्यापासून तुमच्या ममऱ्याला वेगळीच चव आलीय. एक मूठ घेतली की दुसरी घ्यावीच लागते."

सगळे कौतुक करत होते. भामरे हसले नाहीत. त्यांनी चिमूटभर ममरा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि विचारले, "पावसाळ्यात कधीपासून?"

"आता ते काय लिहून ठेवलंय मी?"

"पाककृती बदललेली नाही," ते म्हणाले. नंतर गरबा पुन्हा सुरू झाला तरी ते खुर्चीतून उठले नाहीत.

पुढचे वनिता वळवींनी पाहिलेले. भामरे दुसऱ्या दिवशी सकाळी थेट कोठारात गेले. मसाल्याच्या गोणीचे तोंड सुतळीने शिवलेले असते. पुरवठादाराची चिठ्ठी, म्हणजे घटकांचे लेबल, त्याच शिवणीत अडकवलेली असते. कोठारातला माणूस सुतळीचे टोक धरून एका झटक्यात शिवण उसवतो. चिठ्ठी सुतळीबरोबर निघते आणि कोपऱ्यातल्या पिंपात जाते. लाइनवर पोचते ती फक्त गोणी, तिच्यावर मिश्रणाचा क्रमांक. तो क्रमांक बदललेला नव्हता. प्रयोगशाळेत दर खेपेचा नमुना येत होता. त्यातले मीठ, ओलावा, जंतू तपासले जात होते. जे कागदावर नव्हते ते तपासायचा प्रश्न आला नव्हता. पुरवठादाराने मिश्रणात 'सुधारणा' केल्याचे पत्र खरेदी विभागाला पाठवले होते. खरेदी विभागाने ते फाइलला लावले होते.

भामरे यांनी पिंप आडवे केले. सुतळीच्या गुंत्यातून एक चिठ्ठी सोडवली, भिंगाखाली धरली. मग त्यांनी वनिता वळवींना लाइनवरून बोलावून घेतले आणि खिशातून पाककृतीचा कागद काढला.

"वाच."

त्या वाचू लागल्या. मीठ, साखर, मिरची, आमचूर, जिरे. भामरे खुणा करत गेले. मग त्या थांबल्या, कारण पुढचा शब्द लांब होता. "चववर्धक. सहाशे एकवीस. सहाशे एकतीस."

भामरे यांचे पेन कागदावर टेकलेले होते. "परत वाच," ते म्हणाले. वनिता वळवींनी परत वाचले.

"मला वाटलं मीच चुकले," वनिता वळवी मला म्हणाल्या. "मी साहेबांना म्हटलं, तुम्ही बघा ना. तर म्हणाले, नको. मी उन्हाळ्यापासून बघतोच आहे."

त्या संध्याकाळी भामरे आमच्या दारात आले. आत बसले नाहीत. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून त्यांनी मालकांशी झालेले बोलणे सांगितले. ते मी त्यांच्याच शब्दांत देतो; हसमुखभाईंची बाजू माझ्याकडे वेगळी आलेली नाही.

हसमुखभाईंनी सगळे ऐकून घेतले. मग ते विष तर नाही ना, एवढेच विचारले. "झेर तो नथी ने?"

"नाही."

"कोई बीमार पड्युं?"

"नाही."

"तो पछी? जूनो रोल पूरो थवा दो. दिवाळीनंतर नवा छापू. मी कुठे नाही म्हणतो?"

भामरे म्हणाले, पट्टी खोटी झाली आहे, ती एक गोष्ट. दुसरी गोष्ट ६३१ ची. ते ६२१ चे जोडीदार. दोन्ही मिळून चव वाढवतात. ते आंबवून करता येते, तसे माशापासून किंवा मांसापासूनही करता येते. चिठ्ठीवर ते कशापासून केले हे लिहिलेले नाही. पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे.

हसमुखभाईंच्या घरी कांदा-लसूणही शिजत नाही. त्यांच्या आई, ज्यांना कारखान्यात सगळे बा म्हणतात, बाहेरचे काही खात नाहीत. मुलाच्या कारखान्यातला सेव-ममरा तेवढा खातात. दर शनिवारी मालकांचा ड्रायव्हर लाइनवरून ताजी पाकिटे घेऊन जातो.

हसमुखभाईंनी टेबलावरचे पाकीट हातात घेतले. मग म्हणाले, "आंबवलेलंच असेल ना?"

"बहुतेक."

"मग झालं तर."

"बहुतेक असं ठिपक्यावर छापता येत नाही, शेठ. पुरवठादाराला लेखी विचारू. उत्तर येईपर्यंत माल थांबवू."

"नका विचारू."

"का?"

"बा पण आ ज खाय छे," हसमुखभाई म्हणाले. "उत्तर आलं तर मला कळेल. मला कळलं तर मी बाला काय सांगू?"

मग त्यांनी चहा मागवला. भामरे यांनी चहा घेतला. त्यांनी त्याच दिवशी पुरवठादाराला पत्र पाठवले आणि त्याची प्रत मालकांच्या टेबलावर ठेवली.

वनिता वळवींनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या शनिवारी ड्रायव्हर पाकिटे न्यायला आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही आला नाही. त्यांनी विचारले तेव्हा म्हणाला, "शेठे ना पाडी." मनाईचे कारण त्याला माहीत नव्हते.

दिवाळीपर्यंत एक तोडगा निघाला. गोदामातल्या पाकिटांवर दोन चिकटपट्ट्या लावायच्या: समोर हिरवी पट्टी झाकणारी एक, मागे चववर्धकांचे क्रमांक सांगणारी दुसरी. ठिपक्याचे काय, हे ठरले नाही. पुरवठादाराकडून 'कळवतो' एवढेच आले. दुकानांत पोचलेला माल परत आणायला हसमुखभाईंनी साफ नकार दिला. पॅकिंगच्या बायका जादा वेळ थांबून चिकटपट्ट्या लावत होत्या. भामरे त्यांच्यात खुर्ची टाकून बसत आणि मधूनच एखादे पाकीट उलटे करून बघत. बायकांनी चेष्टा सोडून दिली होती. एकीने वनिता वळवींना विचारले, "बाई, साहेब असे का बघतात पाकिटाकडे? जसं काय घरात कुणी गेलंय."

त्या दिवाळीला फराळाला ते आमच्याकडे आले. माझ्या पत्नीने मुद्दाम बाजारच्या चिवड्याचे पाकीट त्यांच्यासमोर ठेवले आणि वाट बघितली. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. करंजी घेतली, सटाण्याच्या कांद्याचा विषय काढला आणि तो अर्धवट सोडला. शैलावहिनींनी पाकीट उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

सोमवारी सकाळी ते कारखान्यात पोचले तेव्हा ट्रक भरलेला होता. सुट्टीत मालकांच्या सांगण्यावरून भरला गेला होता, असे रखवालदाराने सांगितले. भामरे यांनी मागचा एक खोका उघडायला लावला. पाकिटांवर चिकटपट्ट्या नव्हत्या. त्यांनी रखवालदाराला फाटक लावायला सांगितले आणि स्वतः ट्रकपुढे जाऊन उभे राहिले.

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. "साहब, मेरा क्या कसूर? मुझे सूरत पहुँचना है."

"तुझं काही नाही. चहा पी."

वनिता वळवी आणि लाइनवरच्या बायका आतून बघत होत्या. हसमुखभाई स्वतः गाडीने आले. ते ओरडले नाहीत, हे सगळ्यांनी एकसारखे सांगितले. त्यांच्या हातात एक कागद होता: पाकिटाचा मंजूर नमुना. त्यांनी तो भामरे यांच्यापुढे धरला.

"आ सही कोनी छे?"

"माझी."

"तमारी ज ने? मग मी तुमच्या सहीप्रमाणे माल पाठवतोय. तुमची सही तुम्हीच अडवणार?"

"हो."

"भामरेभाई, सगळ्यांसमोर का करता? आत चला."

"शेठ, शनिवारची पाकिटं घरी का जात नाहीत?"

हसमुखभाईंनी कागदाची घडी घातली. ती खिशात ठेवली. जेवणाची घंटा झाली तसे हसमुखभाई म्हणाले, "तमे घरे जाओ. आराम करो." भामरे बाजूला झाले. ते का बाजूला झाले, हे मी त्यांना नंतर विचारले. "सही माझी होती," ते म्हणाले. फाटक उघडले आणि ट्रक गेला.

कायद्याप्रमाणे कारखान्याला एका माणसाचे नाव अन्नाच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार म्हणून सरकारला कळवावे लागते. चूक झाली तर आधी त्याला विचारले जाते. या कारखान्याने कळवलेले नाव मधुकर भामरे हे होते. घरी आल्यावर त्यांनी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला अर्ज लिहिला. त्यात पट्टीचा, मिश्रणाचा, ठिपक्याचा आणि ट्रकचा उल्लेख होता. जबाबदार कोण, या ठिकाणी त्यांनी पहिले नाव स्वतःचे घातले. मिश्रण बदलल्यावर गोणीवरची चिठ्ठी वाचण्याची व्यवस्था मी ठेवली नाही, असे एक वाक्य होते. अर्ज द्यायला जाण्यापूर्वी त्यांनी तो मला वाचून दाखवायला सांगितला. मी मोठ्याने वाचला. ते डोळे मिटून ऐकत होते.

त्या दिवशी समोरच्या दारातून शैलावहिनींचा आवाज येत होता. "नाव तुमचं, सही तुमची, तक्रारही तुमचीच. दुसरं कुणी आहे का नाही त्या कारखान्यात?"

भामरे काय म्हणाले ते ऐकू आले नाही.

"काय व्हयनं आते?" वहिनी एकदम अहिराणीत गेल्या. घरचे मोठे काही बिघडले की त्या तशा बोलत. मग दार लागले.

अधिकारी आले. त्यांनी गोदामातून आणि दुकानांतून नमुने घेतले. तपासणीचा अहवाल चिठ्ठीप्रमाणेच आला. कारखाना आणि भामरे, दोघांवर चुकीच्या लेबलाचे प्रकरण दाखल झाले. पहिल्या सुनावणीला मी बाहेरच्या बाकावर होतो. हसमुखभाई आणि भामरे शेजारी शेजारी बसले होते. हसमुखभाईंनी विचारले, "केम छो?" भामरे म्हणाले, "बरं आहे. बा कशा आहेत?" हसमुखभाई म्हणाले, "ममरा मागतात."

नोकरी भामरे यांना पुन्हा मिळाली नाही. गलोंड्याच्या एका मसाला कारखान्याने बोलावले, चांगली चर्चा झाली, कळवतो म्हणाले. खानवेलकडच्या एकाने फोनवरच विचारले, "ट्रकवाले भामरे आपणच ना?" त्यांनी हो म्हटले आणि फोन ठेवला गेला. शिमग्यानंतर त्यांनी फ्लॅट सोडायचे ठरवले. सटाण्याला भावाचे घर होते. सुनावणीला तिथून येणार होते. सामान टेम्पोने पुढे गेले.

सिल्वासाच्या बस स्थानकावर मी त्यांना सोडायला गेलो. नाशिकची एसटी लागलेली होती. भामरे खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर. शैलावहिनी प्रवासात खायला काहीतरी घेते म्हणून टपरीवर गेल्या आणि सेव-ममऱ्याचे पाकीट घेऊन परत आल्या. त्याच कारखान्याचे, नव्या छपाईचे. समोर हिरवी पट्टी नव्हती. त्यांनी ते भामरे यांच्या हातात दिले. भामरे यांनी ते तसेच फोडायला घेतले.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "आणा इकडे."

त्यांनी पाकीट उलटे केले. अक्षरे बारीक होती. त्यांनी भामरे यांच्या शर्टाच्या खिशातून भिंग काढले आणि एकेक शब्द लावत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तांदूळ. बेसन. शेंगदाणे. तेल. मसाला मिश्रण. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघू लागला. भामरे यांनी डोळे मिटले होते. त्यांच्या उजव्या हाताचे बोट पिशवीवर प्रत्येक शब्दाला एकदा टेकत होते.

"चववर्धक," वहिनी वाचत होत्या. "सहाशे एकवीस. सहाशे एकतीस."

दोन्ही आकड्यांना बोट एकेकदा टेकले.

"ठिपका?" भामरे यांनी विचारले.

वहिनींनी पाकीट सुलटे केले.

"हिरवा."

"६३१ कशापासून, ते लिहिलंय?"

त्यांनी पुन्हा उलटे केले आणि शेवटच्या ओळीपर्यंत भिंग नेले.

"नाही."

कंडक्टरने घंटी दिली. प्रकरण आजही सुनावणीला आहे. पुरवठादाराचे उत्तर आलेले नाही.